पंचवीस अंशांचं पाणी

मुकुंदवाडी, औरंगाबाद
१२ एप्रिल २०१६

चि. सायलीस द्वारकाआत्याचे अ. उ. आ.

फोनवर तू नुसतं ‘हं’ करतेस, म्हणून पत्र. तुझी आई गेली त्या सकाळी तुझा बारावीचा रसायनाचा पेपर होता. तो जुलैत देता येतो. ‘बघू’ म्हणालीस म्हणे. बघायचं काय? वर्ष बुडालं की स्थळं आणणारे टपलेलेच आहेत.

कॉलेजात हेच शिकवते, तेव्हा फी नको. शंभर ग्रॅम पाणी पंचवीस अंशांवरून शंभरावर न्यायला उष्णता किती लागेल?

आमच्या इमारतीला लिफ्ट बसली. नळाला पाणी आठवड्यातून एकदा. पण तहानलेला माणूस आता चौथ्या मजल्यावर झटकन पोचतो.

तुझा बाप सोमनाथ जेवतो ना? लोभ आहेच, त्याला टँकर लागत नाही.

तुझी आत्या

फुलंब्री
२० एप्रिल

ती. आत्यास सायलीचा शि. सा. न. वि. वि.

उत्तर : २५,०८० ज्यूल.

इथं सगळं ठीक. अण्णा जेवतात. परवा भाजीत मीठ टाकायचं राहिलं. आठवलं तवा ताटं घासून झाली होती. आम्ही दोघांनी बी खाल्ली, कुणीच काय बोललं नाय.

माया असू द्यावी.

सायली

मुकुंदवाडी
२८ एप्रिल

चि. सायलीस अ. उ. आ.

उत्तर चूक. ३१,३५० हवं. पंचवीसच्या जागी चाळीस धरलेस. तुमचा टँकर उन्हात तापतो हे मान्य. पण बोर्डाचं पाणी कायम पंचवीस अंशांचं असतं. बोर्डाला दुष्काळ लागत नाही. आणखी दोन गणितं जोडली आहेत : कोळसा जाळून पाणी तापवण्याचं आणि पाण्यात चुना विरवण्याचं.

सोमनाथनं अळणी भाजी खाल्ली? लहानपणी ताट भिरकावायचा तो. हे मला तुझ्या गणितापेक्षा चुकीचं वाटतं.

तुझी आत्या

फुलंब्री
६ मे

ती. आत्यास शि. सा. न.

दोन्ही सोडवली. पाणी पुन्हा चाळीसच धरलं गेलं. टँकरचं मोजलं नाय. आईच्या तापाचा थर्मामीटर भिंतीतल्या देवळीत आहे. झटकल्याशिवाय पारा उतरत नाय ना. शेवटी पाहिला तवा चाळीस होता, अजून तिथंच आहे. ‘सुरुवातीचं तापमान’ वाचलं की हात तेच लिहितो.

रडायला बी येत नाय. पेपरचं बघू.

सायली

मुकुंदवाडी
१३ मे

चि. सायलीस अ. उ. आ.

पत्र वाचून एकही टोमणा सुचला नाही. शेजाऱ्यांना विचार, असं कधी होत नाही.

थर्मामीटर राहू दे. झटक म्हणणाऱ्याला माझ्याकडे पाठव. पंचवीस लिहायचं ते फक्त कागदावर. गणितं धाडत राहीन. चुकलीस तरी उत्तरं धाड.

तुझी आत्या

फुलंब्री
१९ जुलै

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

पेपर दिला.

आदल्या दिवशी अण्णांना ताप भरला. पारा झटकल्याशिवाय त्यांचा कसा कळणार? देवळीपाशी लई वेळ उभी राहिले. मग झटकला. अण्णांना अडतीस निघाला. गोळी दिली. सकाळी मी नको म्हणत असताना त्यांनीच एसटीत बसवून दिलं.

पाण्याचं गणित आलं. पंचवीस धरलं.

संध्याकाळी जेवताना अण्णा म्हणाले, भाजी अळणी आहे. मी मीठ आणायला आत गेले आणि डबा धरून तिथंच खाली बसले. अण्णा उठले. ताट घेऊन आत आले, डब्यातलं चिमूटभर मीठ घेतलं आणि माझ्याशेजारी बसून जेवले.

माया आहे तशीच असू द्यावी.

सायली