कुलपातलं नाव

१४ एप्रिल
आली बाई एकदाची भिवंडीजवळ शेलारला. पुतण्या देवेश टेम्पो घेऊन न्यायला आला, तवा मी बोलली, अरे, नवरीला न्यायला गाडी सजवून आणतात, तू मोकळाच आलास? पोरगा लाजला. आमचे हे गेल्यापासून गावच्या घरात मी एकटीच बडबडायची, भिंती पण कंटाळल्या माझ्या. हितं देवेशची बायको करिष्मा हाय. पोरगी चांगली, फक्त भाकरी थापते ती भिवंडीच्या नकाशासारखी. तसं तिला सांगितलं. ती बोलली, काकी, नकाशा खायचा नसंल तर उपाशी झोपा. जमणार आमचं!

घरामागं कापडाच्या लूमचा खडखडाट. दुपारची शिफ्ट सुटली की एकदम गप्प होतं, मंग उलटे कान दुखतात. ही ट्रान्सपोर्टवाल्याची डायरी करिष्मानंच दिली, बोलली, मन रमवा. चौथी शिकलेली बाई मी, पण अक्षर मोत्याचं हाय. मोती जरा वाकडे हायेत, एवढंच.

१८ एप्रिल
देवेश वळ गावच्या गोडाऊनात ड्युटीला जातो. त्याचा कॉम्प्युटर पुढच्या खोलीत. घरातल्या सगळ्या हळदी, बारशी, फोटो त्याच्यातच. करिष्मानं मला माऊस चालवायला शिकवलं. शेपटीनं बांधलेला उंदीर, म्हणून माझ्या हाती लागला.

देवेशच्या हळदीचा व्हिडिओ हाय त्याच्यात. आमचे हे फेटा तिरका करून उभे, हातात माईक. आधी बोटानं ठोकला, टक टक, मंग उखाणा घेतला—

कामवारीच्या काठाला वाऱ्यानं हलतो माड
कमळाचं नाव घेतो, तिची जीभ लय द्वाड

मांडव हसून लोळला. मी काय सोडते?

तांदळाच्या भाकरीवर सुक्या बोंबलाचा तोरा
...रावांचं नाव घेते, म्हातारा झाला तरी गोरा

त्यांचं नाव हितं लिहिणार न्हाय. आमच्यात नवऱ्याचं नाव फुकटात घेत न्हाईत. चारचौघांत, उखाण्यात, मान देऊन घ्यायचं. जलमभर मी त्यांना ‘ऐकलं का’च बोलली.

त्यांचा आवाज आता या एवढ्या व्हिडिओतच हाय. रोज दुपारी लूम थांबली की लावते. देवेशनं पेन ड्राइव्हवर कॉपी करून दिली, ती पदराच्या गाठीत बांधते. करिष्मा बोलली, काकांना गाठीला बांधलं का? मी बोलली, जिवंतपणी जमलं न्हाय, आता सुटतात कुठं!

२३ एप्रिल
करिष्मा बाजारात गेली होती. तिचं व्हॉट्सॲप कॉम्प्युटरवर उघडंच. गावच्या आमच्या सीताबाईकडून आमंत्रण आलं, सहकुटुंब यावे, खाली पत्रिकेची फाइल. आता आमंत्रण आलं आन् उघडलं न्हाय, असं चालतं का आमच्यात? अक्षत घेऊन दारात आलेल्याला कोण परत लावतं? दाबलं मी. कॉम्प्युटरनं इंग्रजीत दोनदा कायतरी विचारलं. दोनदा हो केलं. पाहुण्याला उंबऱ्यात उभं करून चौकशी करायची न्हाय.

पत्रिका काय दिसली न्हाय. ना नवरा, ना नवरी. नुसता कॉम्प्युटरच्या डब्यातला पंखा घुरघुरायला लागला. सीताबाईला फोन केला, तर ती रडकुंडीला आलेली. बोलली, मी कायबी पाठवलं न्हाय, सकाळपासून सगळे मलाच विचारतायत, कुणाचं लग्न? मी बोलली, तुझंच असंल, म्हातारे, लपवतेस कशाला?

२४ एप्रिल
व्हिडिओ लागत न्हाय. सगळे फोटो पांढरे कागद झालेत, प्रत्येकाच्या नावामागं एकसारखं शेपूट, वाचता न येणारं. मंग पडदाच काळा झाला. लाल अक्षरं, आन् उलटं चालणारं घड्याळ. करिष्मानं वाचलं. तुमचं सगळं आम्ही कुलपात टाकलंय, चावी पाहिजे तर पैसे भरा, घड्याळ संपलं की चावी मोडू.

देवेश फोनवर ओरडला, नेटची वायर काढा, बाकी कशाला हात लावू नका. करिष्मा वायर शोधायला टेबलामागं वाकली. मला दम निघंना. गाठ सोडली. माझ्याकडचे तरी बरे हायेत का, एवढंच बघायचं होतं. पेन ड्राइव्ह लावला. काळ्या पडद्यावर खिडकी उघडली. आले. बारकं चित्र, फेटा तिरका. मी हसली.

आन् माझ्यासमोर ते पांढरं झालं. मागं शेपूट.

२५ एप्रिल
दापोड्याचा धनेश आला, कॉम्प्युटर दुरुस्तीवाला. बोलला, रोग मारता येतो. सगळं पुसायचं, नवीन टाकायचं, पासवर्ड बदलायचे. पण रोग मेला म्हणून कुलूप उघडत न्हाय. काही कुलपांच्या चाव्या नेटवर फुकट मिळतात. त्यानं स्वतःच्या लॅपटॉपवर शोधलं. ह्याची न्हाय. पैसे भरू नका, बोलला, भरून पण चावी देतील याचा भरवसा न्हाय. कॉपी असती तर वाचलं असतं, फक्त ती रोगी मशीनला लावायची न्हाय. हे त्यानं माझ्याकडं न बघता सांगितलं.

मी विचारलं, म्हणजे आमचे हे गेले का? तो बोलला, न्हाय काकी, गेले न्हाईत. हितंच हायेत. फक्त आत बंद हायेत. पांढऱ्या फाइली वेगळ्या ठेवतो, उद्या चावी निघाली तर.

मी विचारलं, लग्न झालंय का तुझं? न्हाय बोलला. बरं, मंग पत्रिका पाठवू नको.

२९ एप्रिल
कॉम्प्युटर कोरा करकरीत. धनेश बोलला, रोग संपला.

भिंतीवरचा यांचा फोटो फिका वाटला, हारामागचा. मी बोलली, ऊन लागत असंल. करिष्मा बोलली, काकी, तितं ऊन येतं कुठं?

२ मे
हाराच्या मागं पांढरा कागद. नाक न्हाय, फेटा न्हाय. कोपऱ्यात बारीक शेपूट उमटलंय. तेच.

देवेशला दाखवलं. तो बोलला, रिकामी चौकट का टांगली, काकी?

४ मे
लूम थांबली. डोळे मिटले. ओठ दिसतात त्यांचे, आवाज न्हाय. करिष्माला बोलली, तू ऐकलेला ना व्हिडिओत, कसे बोलायचे काका? ती बोलली, कोण काका?

मी बोलली, थट्टा करू नको, ते माझं काम हाय. ती हसली न्हाय.

६ मे
लाज सोडली. नाव लिहून ठेवायचं, फुकटात का होईना. पेन टेकवलं—

येत न्हाय.

देवेशला मृत्यूचा दाखला काढायला लावला. त्यानं मोठ्यानं वाचला. ओठ हलले त्याचे. मला ऐकूच आलं न्हाय. कागद घेतला, तर नावाच्या जागी पांढरं. कुणाचा हाय हा, बोलला देवेश.

उखाण्याबाहेर जलमभर घेतलं न्हाय मी. कुठं ठेवलंच न्हाय—

८ मे
हितंच हायेत. धनेश बोललाच होता. आत बंद—

लूम थांबली की भिंतीमागं टक टक. बोटानं माईक ठोकतात. आता बोलतील — बोलत न्हाईत — परत टक टक—

९ मे
करिष्मा मला आता ‘काकी’ बोलत न्हाय. चहा दिला. विचारलं, तुम्ही कुणाकडं आलात?

सीताबाईला फोन. कोण बोलतंय, बोलली. मी बोलली, मी — अगं मी—

१० मे
त्यांचा उखाणा अजून येतो मला. तेवढीच कॉपी राहिली. लिहिते.

कामवारीच्या काठाला वाऱ्यानं हलतो माड
—चं नाव घेतो, तिची जीभ लय द्वाड

कुणाचं? मागचं पान काढलं, तितं पण मला पांढरंच दिसतं. जीभ तर माझीच हाय. मंग नाव—

टक टक. भिंतीत न्हाय आता, जवळ. माईक चालू झाला. घेतायत, नाव घेतायत, गप्प बसा सगळे, मला ऐकू द्या —

कामवारीच्या काठाला — वाऱ्यानं हलतो माड —