बॅगेत वरवंटा

बुधवार, दुपार

चिमणे,

हो ग बाई, घेतलं. तेच घर घेतलं, लाँड्रीच्या वरचं. "आई, त्यात काय बघितलंस?" म्हणून ओरडलीस ना, ते आता नीट लिहून कळवते. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. कागद मधे तोंड घालत नाही.

मी खुशाल आहे. तुझं पोट आता तुझ्याआधी दारातून आत जात असेल! जावईबापूंना म्हणावं, बाळाची नावं शोधत बसण्यापेक्षा बायकोचे पाय चेपा.

तर घर. एजंट मला खिडक्या दाखवत सुटला. "आजी, बाग दिसते बघा." म्हटलं, "बाग काय मला विमानतळावर नेऊन सोडणार आहे?" तू पाठवलेली चाकांची बॅग मी बरोबरच नेली होती, आत वरवंटा घालून. प्रत्येक घरापासून स्टेशनापर्यंत ओढून बघितली. बागेच्या घराला आधी बस, मग दुसरी बस. त्याच्या पुढच्याला स्टेशनात नुसत्या पायऱ्या. बॅग एजंटाच्या डोक्यावर. "आजी, आत दगड भरलेत का?" "हो," म्हटलं. त्याला वाटलं, म्हातारी थट्टा करतेय.

लाँड्रीपासून मात्र बॅग कुत्र्यासारखी मागंमागं आली. फुटपाथ सपाट, स्टेशनाला लिफ्ट, गाडी थेट विमानतळावर. खोली एवढीशी, कूस बदलायची तर भिंतीला विचारावं लागतं. पण दिवसभर साबणाचा वास, आंघोळीला सुट्टी!

घर ठरवायच्या आधी त्या गाडीत बसून शेवटपर्यंत गेले होते. सगळे उतरले. मी बसून राहिले, त्याच गाडीनं परत. तुला सांगितलं, विमानतळ छान आहे. बघितलाच नव्हता.

काल पुन्हा गेले. उतरले. काचेपाशी उभं राहून एक विमान वर जाताना बघितलं. डोळे नाही मिटले.

तू धाडलेलं तिकीट दरवेळी परत केलं. कधी गुडघा दुखतो, कधी विमानतळ लांब पडतो, इतक्या गाड्या कोण बदलणार. आता विमानतळ लांब नाही. ती सबब मीच मोडली, नाहीतर तुझ्या बाळंतपणालाही तीच काढली असती.

तिकीट काढ. खिडकीची जागा नको.

गुडघा माझा ठणठणीत आहे ग. मला विमानाची भीती वाटते.

तुझी भित्री आई,
बॅग भरून