शिडीने चढायचा पूल

बाबा, तुमच्या पुलाची गोष्ट मी गेल्या हिवाळ्यात इथल्या लोकांना भर सभेत सांगितली. तुम्ही असता तर म्हणाला असतात, "घरचं चव्हाट्यावर कशाला?" पण माझा इलाज नव्हता. पामर्स्टन नॉर्थजवळच्या एका छोट्या कौन्सिलात मी रस्ते बघते. हायवेकडे जाणारा आमचा पूल खचला, ॲम्ब्युलन्सला डोंगराला वळसा पडायला लागला. केंद्र सरकारने नव्या पुलाचे पैसे मंजूर केले आणि मग ते काही येईनात. तोवर घरपट्टीतून काम सुरू करायचं का, यावर सभा. भर थंडीत जंडल्स, म्हणजे रबरी चपला, घातलेला एक म्हातारा शेतकरी उठला. "आम्ही आमचे घातले आणि सरकारचे आलेच नाहीत, तर?" मेयरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी तुम्हालाच पुढे केलं.

म्हटलं, माझे वडील बांधकाम खात्यात उपअभियंता. ते म्हणायचे, दिल्लीचा पैसा म्हणजे रुसलेला मामा, येतो नक्की, पण अक्षता पडल्यावर. (मामा का रुसतो हे इंग्रजीत समजावताना माझा घाम निघाला.) केंद्राचा वाटा अडकला तेव्हा तुम्ही राज्याच्या पैशात नुसता पूल उभा केलात, पुलावर चढायचा दोन्हीकडचा भराव राहिला. तरी मंत्री उद्घाटनाला आलेच. मी आईचा हात धरून उभी आहे. मंत्री शिडीवर, खाली तुम्ही शिडी घट्ट धरून म्हणताय, "साहेब, खाली बघू नका." वर फीत कापली, टाळ्या झाल्या, साहेब हात हलवत पलीकडच्या टोकाला गेले. ड्रायव्हरने गाडी कोरड्या पात्रातून तिकडे नेऊन ठेवलेली, पण शिडी इकडे! साहेब तसेच हात हलवत परत आले.

हॉल हसून लोळत होता. म्हाताऱ्याने विचारलं, "मग पैसे आले?"

"आले. पण त्याआधी वडिलांची बदली झाली. भराव झालेला त्यांनी पाहिलाच नाही. पूल अजून आहे."

तो मेयरबाईंकडे वळला. "मग हिची बदली करायची नाही एवढं ठरवा, आणि बांधा."

ठराव पास झाला. तुमच्यावरून शहाणी होऊन मी आधी दोन्हीकडचा भराव करून घेतला. तेवढ्यात कौन्सिलचेही पैसे संपले. म्हणजे बाबा, तुमच्या पुलाला रस्ता नव्हता, माझ्या रस्त्यांना पूल नाही. उन्हाळाभर पोरं टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घालून भरावाच्या टोकावरून नदीत उड्या मारत होती. त्यांत तुमची नातही. मी मराठीत ओरडले की ती पाण्यातून उत्तर देई, "मम, युअर रोड इज स्वीट ॲज!" म्हणजे इथल्या बोलीत, एकदम झकास.

काल सरकारचे पैसे आले. ऑफिसात एकच जल्लोष. मी सवयीने फोन उचलला आणि हातात तसाच धरून बसले. भराव आणि पूल एका उंचीला येणार, यात एवढं खूश होण्यासारखं काय आहे, हे ज्याला न सांगता कळलं असतं असा माणूस माझ्याकडे एकच होता.

हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही. फक्त एक सांगते. शेजारच्या टेबलावरच्याने विचारलं, "डोळ्यांना काय झालं?" मी म्हटलं, परागकणांची ॲलर्जी. त्याने लगेच गोळी काढून दिली, आणि मी ती मुकाट्याने गिळली.