तेलाचा दाब साडेतीन

१ फेब्रुवारी २०२५, शनिवार. सकाळी ७.१०
माझ्या जुन्या जिप्सी जीपचे अंतिम काम आजपासून हाती घेतले. गेल्या वर्षी तिचा कार्ब्युरेटर काढून मी इंधनाचे इंजेक्शन आणि बाहेरून मागवलेला ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा स्क्रीनसह छोटा संगणक, बसवला. (बसवला गॅरेजवाल्या कोंडाजींनी, देखरेख माझी.) आता एकच उणीव उरली आहे: तेलाचा दाब आणि तेलाचे तापमान दोन्ही सांगणारा एकत्रित सेन्सर. तो काल कुरिअरने आला. तारा चार: अर्थिंग, पाच व्होल्ट, दाब, तापमान. अंबडच्या कारखान्यात स्टोअर्सच्या अकरा हजार वस्तू सांभाळणाऱ्या माणसाला चार तारा जड नाहीत.
संध्याची अट: तेवीस तारखेला तिच्या भाचीचा, हर्षालीचा, सटाण्याला साखरपुडा आहे. जिप्सीने नेले तर जिप्सी राहील; नाही तर मनमाडचे गिऱ्हाईक तयार आहे. "तोंडी नको, लिहून द्या," म्हणाली. लिहून दिले. सौ.ची भाषा ढिली होती, ती काटेकोर करून दिली.

२ फेब्रुवारी, रविवार
तेलाच्या दिव्याचा जुना स्विच काढून तिथे टी-जोड आणि त्यावर सेन्सर बसवला. टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्याने, घट्ट करा, असे कोंडाजी फोनवर म्हणाले होते. माझ्याकडे टॉर्क रेंच नाही, अंदाज आहे.
उरलेला दिवस तारांची लेबले टाइप करण्यात गेला. लेबले उत्कृष्ट.

५ फेब्रुवारी, बुधवार
जोडणी पूर्ण. स्क्रीनवर तेलाचे तापमान उणे चाळीस. यंदा थंडी आहे हे मान्य, पण एवढी निफाडलाही नाही. सेन्सर विकणाऱ्यास दोन पानी तक्रार तयार केली.

६ फेब्रुवारी, गुरुवार
कोंडाजी येऊन दोन मिनिटांत गेले. म्हणाले, "साहेब, तापमानाची तार स्वतःहून व्होल्ट देत नाय. तिला टेंपरेचरची वेगळी पिन लागते. तुम्ही साध्या पिनला जोडली." तार हलवली. तापमान एकोणीस. तक्रार पाठवली नाही. मात्र तिची भाषा चांगली होती.
संकल्प: यापुढे कोणाची मदत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
दाबही दिसू लागला. थंड इंजिनावर चार, गरम झाल्यावर तीन. असे समाधान मला बढतीच्या पत्रानेही दिले नव्हते.
पार्किंगमध्ये तेलाचा डाग आढळला. शेजारच्या जयरामांना त्यांच्या स्कूटरच्या गळतीविषयी सभ्य शब्दांत सांगितले. ते म्हणाले, "अहो, माझी स्कूटर बॅटरीवरची आहे." मी लेखी खुलासा मागितला.

१५ फेब्रुवारी, शनिवार
चाचणीसाठी संध्याला घेऊन बाजारात निघालो. द्वारका चौकात इंजिन बंद पडले. पुन्हा सुरू केले, पुन्हा बंद. दाब फार उतरला तर ईसीयू स्वतःच इंजिन थांबवतो, अशी सोय त्यात आहे. स्क्रीनवर दाब शून्य पूर्णांक सहा. मागच्या टेम्पोवाल्याने, "काका, म्युझियमला ठेवा ना!" अशी सूचना केली. संध्या साड्यांच्या पिशव्यांसह उतरली आणि रिक्षाने गेली. वळून पाहिले नाही.
निष्कर्ष: गाडीच्या पुस्तकात दाब साडेतीन दिला आहे. सेन्सर सहा दशांश म्हणतो. अर्थात सेन्सर खोटा.

१६ फेब्रुवारी, रविवार
कोंडाजींचा फोन. "आधी डिपस्टिक काढून तेल बघा, साहेब." त्यांना समजावले की हा विषय विजेचा आहे, तेलाचा नाही.
स्टोअर्समध्ये फडताळावरचा माल कार्डाशी जुळला नाही, तर एक अॅडजस्टमेंट व्हाउचर लिहून आम्ही दोन्ही जुळवतो. तीस वर्षांत कोणी हरकत घेतलेली नाही. तेच तत्त्व येथे वापरले. ईसीयूत एक तक्ता असतो: सेन्सरने अमुक व्होल्ट दिले तर दाब अमुक समजावा. मी पुस्तकाप्रमाणे साडेतीन भरले. गोंधळ नको म्हणून सर्व ओळींत भरले. इंजिन थांबवण्याची सोयही बंद केली. आता तिची गरज नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार
चार दिवस दाब साडेतीन. चढावर, उतारावर, सिग्नलला. तसूभर फरक नाही. इंजिन बंद असतानाही साडेतीन. चांगल्या इंजिनात दाब टिकून राहतो, हे यावरून सिद्ध होते.
तापमान मात्र एकशे अठरा दाखवते. तो स्वतंत्र विषय आहे. साखरपुड्यानंतर पाहू.
डाग वाढला आहे. जयरामांना स्मरणपत्र दिले.

२३ फेब्रुवारी, रविवार. सायं. ६.२०, सटाणा
सकाळी साडेसातला निघालो. सोग्रस फाट्यापर्यंत उत्तम. भावडबारीच्या चढावर संध्या म्हणाली, "अहो, काहीतरी खडखडतंय." मी म्हणालो, रस्ता. ती म्हणाली, "रस्ता बॉनेटखाली कुठून आला?" मी तिला स्क्रीन दाखवला. साडेतीन. त्यानंतर एक मोठा आवाज झाला आणि इंजिन जागीच जाम झाले. स्क्रीनवर साडेतीन.
दीड तासाने कांदा उतरवून सटाण्याकडे परतणारा एक ट्रॅक्टर थांबला. चालक पुंजा. त्याने डिपस्टिक काढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. "दादा, इंजिनमा तेलच नही शे."
मी त्याला दाबाचा आकडा दाखवला.
त्याने वाकून पाहिला आणि स्क्रीनवर बोट ठेवले. "मंग तेल आठे शे, स्क्रीनमा."
संध्या हसली. पंधरा तारखेनंतर प्रथमच. इतकी, की तिला ट्रॅक्टरचा आधार घ्यावा लागला. पुढचा प्रवास तिने रेशमी साडीत ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून केला. मी मागे, दोराने बांधलेल्या जिप्सीत, एकटा, स्टेअरिंग धरून. पोहोचलो तेव्हा अंगठ्या घालून झाल्या होत्या आणि पंगत उठत होती. हर्षालीने पाया पडून विचारले, "काका, तुमचीच वरात निघाली होती का?"
जेवताना मी मुद्दा मांडला की जिप्सी सटाण्यात आली आहे, हे नाकारता येणार नाही. संध्याने पर्समधून माझा कागद काढून वाचला: "स्वतःच्या इंजिनाच्या शक्तीने, मुहूर्तापूर्वी, व कोणत्याही अन्य वाहनाच्या साहाय्याविना." भाषा माझीच. पळवाट कोठेही नव्हती.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
मनमाडचे गिऱ्हाईक सटाण्याहूनच जिप्सी उचलून घेऊन गेले. ती ट्रकवर चढत असताना मी रसवंतीत जाऊन उभा राहिलो. सोबत आलेल्या कोंडाजींनी त्याआधीच काढून घेतलेला टी-जोड तिथे दाखवला; अंदाजाने घट्ट केलेल्या जागेतून सर्व तेल थेंब थेंब गेले होते. "सेन्सर शेवटपर्यंत खरं बोलत होता, साहेब," म्हणाले. घरी परतल्यावर जयरामांची क्षमा मागितली. त्यांनी ती लेखी मागितली.

२७ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ९.०५
ऑफिसला शेअर रिक्षाने निघालो. हँडलजवळ एक लाल दिवा पेटलेला दिसला. चालकाच्या निदर्शनास आणून दिले. तो म्हणाला, "तो असाच लागतो काका, त्याच्याकडे लक्ष नाय द्यायचं."
पुढच्या चौकात उतरलो. उरलेले तीन किलोमीटर चालत गेलो. लेट मार्क लागला.