तू पाठवलेली काठी

प्रिय दादा,

बाबांच्या वाढदिवसाला तू पाठवलेली गळाची काठी मिळाल्याचं त्यांनी फोनवर तुला सांगितलंच. जे सांगितलं नाही, ते मी लिहिते. काठी लांब, चकचकीत, पण शेंड्याकडे जड. पहिल्याच दिवशी तळ्यावर चार-पाचदा गळ फेकला आणि त्यांचा आधीपासूनच दुखरा उजवा खांदा धरला. शर्ट काढताना हात वर जाईना. विचारलं तर म्हणाले, वारा उलटा होता. तुझ्या काठीला नावं ठेवायला त्यांची जीभ कशी रेटेल? आठ दिवस मी खांदा शेकत होते.

लहानपणी तळ्यावर ते तुला न्यायचे. माझ्या बडबडीने मासे पळतात म्हणे. त्यामुळे काठीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण दिवसभर शिलाई मशीन दुरुस्त करते, कुठलं चाक एकीकडे झुकतंय ते हाताला समजतं. दुपारी बाबा झोपल्यावर गळाच्या दोरीचं रीळ लावून काठी एका बोटावर आडवी तोलली, ते मूठ जिथे धरतात तिथेच. शेंडा धाडकन खाली. मग मुठीच्या टोकाचं रबरी बूच काढून दुकानातले वॉशर आत बसवत गेले, खुळखुळू नयेत म्हणून चिंधीत गुंडाळून. सहा कमी पडले, नऊ जास्त झाले. आठव्याला काठी बोटावर सरळ राहिली. वजन वाढलं होतं, तरी हाताला हलकी लागत होती.

दुसऱ्या दिवशी बाबांनी नुसतं मनगट वळवलं आणि गळ पार पलीकडच्या लव्हाळ्यापर्यंत गेला. त्यांनी मित्रांना हाका मारल्या. "बघा, पोराने माझा खांदा ध्यानात ठेवून निवडलीय." मी डबा घेऊन मागेच उभी होते. बोलणार होते, तेवढ्यात ते म्हणाले, "हिला काय कळतंय त्यातलं." सगळे हसले. मीही हसले.

त्याच संध्याकाळी त्यांनी बॅग काढली. जिथे कदर आहे तिथे राहीन, म्हणाले. रविवारी सकाळी अकराच्या गाडीने ते तुझ्याकडे येतायत, कायमचे. म्हणून हे पत्र. खांदा दुखला तरी सांगणार नाहीत, तूच लक्ष ठेव. आणि वॉशरचं त्यांना कळू देऊ नकोस. हा माझा मोठेपणा नाही. कळलं तर ओशाळून ते इथेच थांबतील, आणि तसे थांबलेले बाबा मला नकोत.

तुझीच,
धाकटी