साडेपाचची भैरवी

बोर्ली पंचतन,
मंगळवार

तीर्थस्वरूप अंबिकाताईस,

विश्वंभरचा साष्टांग नमस्कार. (आठही अंगं खरोखरच जमिनीला टेकली आहेत असं समज. कंबर धरल्यामुळे उठायला वेळ लागेल.) भाऊजींचा गुडघा कसा आहे? वाडीतली कोकमं उतरवली आहेत, आगळ काढलं की पहिली बाटली तुझी. मी बरा आहे, म्हणजे जेवतो-झोपतो. पण गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही, म्हणून सुपारी सोलायच्या निमित्ताने दिवसभर मागच्या पडवीत बसून असतो. तू नऊ दिवस माझा फोन उचलत नाहीस. व्हॉट्सअॅपवर माफीचे चार निरोप पाठवले, चारहींवर निळ्या खुणा आल्या, उत्तर एकाचंही नाही. म्हणून हे पत्र विनेशच्या हाती देतो आहे. तो मंडपाचं सामान घेऊन पालीला येतोय. दारात आलेल्याला तू चहा दिल्याशिवाय सोडणार नाहीस, आणि चहा होईपर्यंत हे वाचून होईल.

सगळं त्या वाद्यापासून सुरू झालं. आमच्या सलिलने माझ्या निवृत्तीला बंगळूरहून बॅरिटोन युकुलेली पाठवली. दिसायला गिटारच, पण चार तारांची आणि मांडीत मावणारी. (आमची ही म्हणाली, उरलेल्या दोन तारा वाटेत पडल्या का ते कुरिअरवाल्याला विचारा.) पस्तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस मी, मला त्यात गाण्याआधी गणितच दिसलं. मोबाइलवर एक गोरा मास्तर शिकवतो. त्याचं म्हणणं एवढंच, की सूर तेच सात, फक्त सुरुवात कुठून करायची ते बदलत जायचं, की दर वेळी निराळी सरगम तयार होते. अशा सात सरगमी. त्यांना तो मोड म्हणतो आणि नावं अशी, की मी हजेरी घेताना वाचली असती तर वर्ग हसला असता: आयोनियन, डोरियन, फ्रिजियन. पहिला मोड वाजवून बघतो तर आपला बिलावल. दुसरा, तर काफी! मी जागच्या जागी उडालो. बाबांच्या पेटीवर ताईने सहा वर्षं घासून जे मिळवलं ते मला सरबत पीत तीन आठवड्यांत आलं, असं मी गावभर सांगत सुटलो. (हे तुझ्या कानावर आलं असेलच. नसेल, तर आता आलं.) तिसऱ्याला आपल्याकडे काय म्हणतात ते बघायचं मात्र राहून गेलं. एवढं ध्यानात ठेव.

आता त्या दिवसाचं. देवळाचा वर्धापनदिन, मंडप भरलेला, साडेपाचला मैथिलीचं गाणं. पोरीची पहिली बैठक, आणि तीही आजोळी. ती ओवरीत तंबोरा लावत होती, तबलजी चहा पीत होता. तेवढ्यात विनेश म्हणाला, "काका, माइक तपासायचाय, दोन मिन्टं कायतरी वाजवा ना." (मी वाद्य बरोबर का नेलं होतं हे कृपया विचारू नकोस.) पहिला मोड वाजवला, कुणी मान वर केली नाही. दुसरा वाजवला, रंगूमावशीने पानाचा डबा उघडला. मग बारीक तारेवर तिसरा घेतला, सावकाश, घोळवून घोळवून, आणि मंडप चिडीचूप झाला.

पहिल्या रांगेत भजनी मंडळाचे बुधाजी बसले होते. बसले म्हणजे चार वाजल्यापासून बसल्या बसल्या झोपले होते. तिसऱ्या मोडवर त्यांची मान डोलायला लागली, मग डोळे उघडले, मग हात जोडले गेले. तो तिसरा म्हणजे आपली भैरवी निघाली! भैरवी झाली की मैफल संपली, तिच्यानंतर कुणी गात नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. बुधाजींना वाटलं, आपल्याला डुलकी लागली आणि पोरीचं अख्खं गाणं होऊन गेलं. लाजेपोटी त्यांनी कुणाला विचारलं नाही, सरळ आरतीची घंटा उचलली. घंटा वाजली म्हणून सगळे उभे राहिले. आरती झाली म्हणून शिरा वाटला. शिरा वाटला म्हणून बायकांनी सतरंज्या गुंडाळायला घेतल्या. मैथिली तंबोरा घेऊन बाहेर आली तेव्हा मधली शेवटची सतरंजी तेवढी अंथरलेली होती आणि तिचंही एक टोक रंगूमावशीच्या हातात होतं.

पोरीला गाऊ द्या म्हणून मी बुधाजींचे पाय धरायचेच बाकी ठेवले. ते म्हणाले, "मास्तर, भैरवी झाली, आरती झाली, आता वर गानं? आपल्यात तसं न्हाय. आनि भैरवी तुमी वाजवलीत, मी न्हाय."

मैथिलीने द्रोणातला शिरा खाल्ला, मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "मामा, छान वाजवलंत." टोमणा असता तर मी सोसला असता. तो टोमणा नव्हता, ताई. मग तिने तंबोऱ्याला गवसणी घातली आणि नाडी दोनदा सोडून पुन्हा बांधली. ते मी खांबाच्या आडून पाहिलं आणि पुढे झालो नाही. मला फार लाज वाटते.

भाऊजींना नमस्कार. मैथिलीला आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

तुझा धाकटा (आणि आता कायम धाकटाच राहणारा) भाऊ,
विश्वंभर

ता. क. येत्या शनिवारी मंडळ पुन्हा सतरंज्या अंथरायला तयार आहे. अट एकच, त्या दिवशी ते वाद्य गावच्या वेशीत नसावं. विनेशच्या खांद्याला लांबट पिशवी आहे, ती ठेवून घे. मैथिलीने इथे येऊन पोटभर गावं, तिची भैरवी तिनेच म्हणावी, त्यानंतर ती पिशवी परत दे. ती येणार नसेल, तर देऊ नकोस.

पुन्हा ता. क. तिसऱ्या मोडबद्दल वर जे लिहिलं ते खोटं आहे. तो मी पहिल्याच दिवशी ओळखला होता. बाबा पेटी मिटण्याआधी तेच वाजवायचे आणि आपण दोघं सतरंजी गुंडाळायला उठायचो, तुला आठवत असेल. मंडपात दुसऱ्याच सुराला मला कळलं होतं की आता थांबायला हवं. पण तोवर लोक माझ्याकडे बघायला लागले होते, बुधाजी डोलत होते, आणि मी पुढचे सूर घेतले. मैथिलीचं गाणं आहे हे त्या दोन मिनिटांत मला आठवत होतं, तरी घेतले.

(याखाली एक ओळ खोडली आहे. "हे मैथिलीला सांगू नकोस" अशी ती होती. सांग.)