शेवाळानं भरलेला उंदीर

प्रिय सुई,

तुझं मागचं पत्र येऊन दीड महिना झाला आणि मी उत्तर दिलं नाही, म्हणून तू मनातल्या मनात मला जी विशेषणं लावली असशील ती सगळी मान्य. मध्ये फोनवर बोललो तेव्हाही मी हवापाणी, गुडघे आणि तुझ्या लेकीचं नवं घर एवढ्यावरच भागवलं. तू म्हणालीस, आज कात्रीला धार नाही. धार होती गं, पण जे सांगायचं होतं ते फोनवर सांगण्याजोगं नव्हतं. फोनवर समोरचं माणूस मध्येच "अगं पण" म्हणतं आणि बोलणारीला पळवाट मिळते. पत्रात ती सोय नाही. तेव्हा चहा घेऊन बस. बातमी चांगली आहे, निदान बरीचशी.

आधी इकडचं. संग्रहालयाचा दर्शनी भाग रंगवून झाला. दारातल्या हत्तीच्या सांगाड्याला दिवे लावलेत, लोक त्याच्या फासळ्यांखाली उभे राहून फोटो काढतात आणि तिथूनच घरी जातात. मागचं दालन, म्हणजे आपलं, तू सोडून गेलीस तसंच आहे: तीच लोखंडी कपाटं, तेच अडकणारे खण, आणि तोच डांबराच्या गोळ्यांचा वास, जो माझ्या साड्यांना इतका मुरलाय की लग्नकार्यात माझ्या शेजारची खुर्ची आपोआप रिकामी होते. नवे संचालक पहिल्याच आठवड्यात फेरी मारायला आले. एक खण उघडून बघितला, त्यात ओळीनं निजलेले उंदीर, पोटं वर, पायाला लेबलं. म्हणाले, एकाच जातीचे चारशे कशाला? नमुन्याला एक ठेवला तर जागा वाचेल. मी म्हटलं, माणूसही एकाच जातीचा आहे साहेब, तरी आपण इथं एकशेवीस कर्मचारी ठेवलेत. तेव्हापासून ते आमच्या दालनात येत नाहीत, आणि जागेचा प्रश्नही आपोआप सुटला.

घरी म्हणशील तर आमचे हे निवृत्त झाल्यापासून माळा आवरतायत. खिळे, स्क्रू, जुन्या वायरी, सगळं डब्यांत भरून वर लेबलं लावलीत. कौतुकानं दाखवायला आणली, तर मी म्हटलं, तारीख नाही, ठिकाण नाही, गोळा करणाऱ्याचं नाव नाही, हे नमुने मी स्वीकारू शकत नाही. दोन दिवस अबोला होता. तिसऱ्या दिवशी प्रत्येक डब्यावर तारीख. सवयीचं लोण घरभर पसरतं ते असं. त्याच माळ्यावर माझे डोंगरावरचे बूट सापडले, उजव्याची लेस अजून कापलेलीच. ते पाहून मी जरा वेळ तिथंच शिडीवर बसले.

आता मुद्द्याकडे येते. चार महिन्यांपूर्वी आमच्याकडे पीएचडी करणारी एक पोरगी आली. थंडी कमी होत चालली तशी डोंगरावरची बारीकसारीक सस्तन जनावरं कुठं सरकली, हा तिचा विषय. पूर्वी कुठलं जनावर कुठं होतं ते आपल्या लेबलांवरून काढायचं, आता कुठं आहे ते पिंजरे लावून बघायचं, आणि दोन्ही जुळवायचं. डोंगर पोखरून उंदीर काढणं ही म्हण लोक हेटाळणीनं वापरतात, आमच्याकडे त्यालाच संशोधन म्हणतात. पहिल्या आठवड्यात ती मला मॅडम म्हणायची, दुसऱ्यात ताई, आणि महिन्याभरात मावशी. पुढे आजी होण्याआधी काम आटप, असं मी तिला बजावलं होतं. पण पोरगी गुणाची. खण उघडते तो दोन्ही हातांनी, आणि उंदीर उचलते तो पाठीखाली बोट घालून, तू उचलायचीस तसा. तिला आपला डोंगर ठाऊक आहे. दोन वर्षं वरच्या पाणथळीपर्यंत पिंजरे लावून आली. तो लांब शेपटीचा भुरा उंदीर तिला खालच्या जंगलात भरपूर मिळाला, वर एकही नाही. तिनं लिहून टाकलं, ही जात वर कधी नव्हतीच.

तुला आता पाणथळीजवळचा तो आपला मुक्कामाचा तळ आठवला असेल. आपल्या दोघींची पहिली मोठी फेरी, आणि मी तिसऱ्याच दिवशी ओढ्यात घसरून घोटा सुजवून घेतला. मी खालच्या तळावर पाय वर करून पडले आणि तू वाटाड्याला घेऊन एकटी वर गेलीस. पाच दिवसांनी उतरलीस ती अकरा उंदीर घेऊन, भरलेले, शिवलेले, लेबलं बांधलेले. काय हात होता तुझा! कातडी सोलून आत कापूस भरायचा, शेपटीत तार, पोटावर टाके, पायाला लेबल, हे सगळे करतात. पण तुझा उंदीर झोपेत असल्यासारखा दिसायचा आणि माझा अपघात झाल्यासारखा. महाराजांनी तुला सुई आणि मला कात्री म्हणायला सुरुवात केली ती तेव्हाच, आणि मला तोंडामुळे हे नाव पडलं असा आव मी जन्मभर आणला. महाराज म्हणजे आपले विभागप्रमुख असले तरी हुकूम देवाघरून आल्यासारखे सोडायचे. कापसाशिवाय काही भरायचं नाही. लेबल काढायचं नाही, खोडायचं नाही, चूक सापडली तर शेजारी नवं लेबल बांधायचं, खाली नाव आणि तारीख घालून. जुनं खोटं असलं तरी राहू द्यायचं, कारण ते खोटं कुणी आणि केव्हा लिहिलं हीसुद्धा माहितीच असते.

तुझ्या त्या अकरांत लांब शेपटीचा भुरा एकच, नोंद क्रमांक सात हजार एकशे बेचाळीस. लेबलावर तुझं किरटं अक्षर: शिखराखालची पाणथळ, तारीख, नर, शेपटीची लांबी. आणि ठिकाणापुढे लाल शाईत एक प्रश्नचिन्ह. म्हणजे हा खालच्या तळावरचा असावा, बाईनं लेबलं बांधताना घोटाळा केला. पुढे महाराजांच्या अहवालात एक ओळ आली, वरच्या तळावरच्या नोंदी भरवशाच्या नाहीत, आणि तुझे अकराच्या अकरा बाद झाले. तू त्यांना एक शब्द विचारला नाहीस. शाळेत शिक्षिकेची जागा निघाली होती, ती घेतलीस आणि गेलीस. निघताना फाटकाशी मला म्हणालीस, "ज्यांना माझ्या हातावर विश्वास नाही त्यांच्याकडे मी हात का झिजवू?" शाळेत तू हाडांचं कपाट उभं केलंस, पंचवीस वर्षं पोरांना कवट्या ओळखायला शिकवलंस, तुझ्या लेकीनं मला उंदीरमावशी हे नाव ठेवलं. तुझं बरंच चाललं. पण अजून, इतक्या वर्षांनीसुद्धा, तुझ्या पत्रांत कुठं ना कुठं "महाराजांचं ते प्रश्नचिन्ह" येतंच.

तर प्रश्नचिन्हवाला नमुना संशोधक मोजत नाहीत. पोरगीच्या यादीतूनही तो आधीच गळाला होता. पण पायांची हाडं कातडीतच राहतात, ती मोजायला तिला अख्ख्या खणाचे एक्स-रे हवे होते, आणि खण उचलला की सगळेच आले. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांची मी ओळख काढली. त्यांनी ट्रे बघून विचारलं, पेशंट कधीपासून असे आहेत? मी म्हटलं, सव्वीस वर्षं, पण खाण्यापिण्याची तक्रार नाही. फिल्म आली. कापूस एक्स-रेत दिसत नाही, म्हणून सगळ्या उंदरांची पोटं रिकामी, नुसती शेपटीतली तार आणि पायांची हाडं. एकाच्या, त्या सात हजार एकशे बेचाळीसच्या, पोटात मात्र बारीक बारीक ठिपके, वाळूचे कण असावेत तसे. पोरगी म्हणाली, मावशी, ह्यानं मरताना काय खाल्लं होतं? मी म्हटलं, अगं, पोट काढूनच भरतात. हे खाल्लेलं नाही, भरलेलं आहे.

टाका मीच सोडवला. एकच, तुझ्या हातचा, आणि तो सोडवताना मी दोनदा चिमटा खाली ठेवला. आतून निघालं तपकिरी, वाळलेलं, चुरा होणारं शेवाळ, मुळाशी रेतीचे कण चिकटलेलं. वरच्या मजल्यावरचे वनस्पतीवाले, जे एरवी आमच्या वासामुळे जिन्यातसुद्धा वळून बघत नाहीत, त्यांनी ते भिंगाखाली धरलं आणि चहा निवायच्या आत सांगितलं, हे त्या डोंगरावर फक्त शिखराखालच्या पाणथळीत वाढतं, खाली नाहीच. सोललेली कातडी त्याच दिवशी भरावी लागते. वाळलेल्या कातड्यात कुणी नंतर शेवाळ कोंबत नाही. उंदीर तिथलाच. तुझं लेबल शब्दन् शब्द खरं. बाकीच्या दहांत कापूस आहे, शेवटच्यापुरता तो संपला असणार. आणि का संपला तेही मला तिथंच उभ्या उभ्या आठवलं: मोठी पिशवी मी माझ्या घोट्याखाली उशीला घेतली होती, आणि तुला हातात मावेल एवढाच कापूस दिला होता. शेवाळ भरलं हे तू तेव्हा कुणाला बोलली नाहीस, कारण महाराजांनी कापसाच्या नियमावरून तुला फाडून खाल्लं असतं. मला सांगितलं असतंस तर, असं मी म्हणणार होते. पण मी तरी कुठं विचारलं?

आता ऐक, कारण हे तुझ्या शाळेतल्या पोरांनाही सांगण्यासारखं आहे. तो उंदीर वर होता, आणि आता नाही. सव्वीस वर्षांत एक अख्खी वस्ती उठून गेली आणि तिचा जगात एकच पुरावा आहे, तुझ्या हातचा, नियम मोडून भरलेला. पोरगीला तिच्या प्रबंधातलं एक प्रकरण नव्यानं लिहावं लागलं आणि ती आनंदानं नाचायचीच बाकी होती. तिच्या लेखात तुझं नाव आहे, गोळा करणारी म्हणून, आणि आभारात पुन्हा एकदा. अकराही नमुने परत यादीत आले. तो खण आता मी पाहुण्यांना मुद्दाम उघडून दाखवते, हत्ती नंतर.

आता उरलेलं. लेखात पोरगीला सांगावं लागणार होतं की शंका कुणी घेतली होती. तिनं मला विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, त्या वेळच्या विभागप्रमुखांनी. महाराज जाऊन तीन वर्षं झाली, ते काही उठून बोलायला येणार नव्हते. मग तिनं मसुदा वाचायला दिला आणि ते वाक्य मला छापल्यासारखं समोर दिसलं. सुई, ते प्रश्नचिन्ह महाराजांचं नाही. माझं आहे. ते रजेवर होते, नमुने कपाटात मी लावत होते, लाल पेन माझ्या हातात होतं. मला शंका आली होती हे खरं, तो उंदीर तिथं असायला नको होता. पण शंका आली तर तू पलीकडच्या टेबलावर बसली होतीस. मी प्रश्न विचारायचा सोडून प्रश्नचिन्ह काढलं, कारण दालनात कायमची जागा एक होती, आपण दोघी होतो, आणि तुझे उंदीर माझ्यापेक्षा नीट झोपत होते. महाराज आल्यावर त्यांनी विचारलं, "तिला विचारलंस का?" मी मान हलवली, तीही होकारार्थी. म्हणून त्यांनी ती ओळ लिहिली, आणि तू न बोलता का गेलीस हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. परवा मी हे पोरगीला सांगितलं. ती म्हणाली, "मग वाक्य बदलू ना, मॅडम?" बदललंय. लेख पुढच्या आठवड्यात जाईल, आणि तो छापून तुझ्या हाती पडण्याआधी हे तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. नवं लेबलही लिहून ठेवलंय, नियमाप्रमाणे: मूळ नोंद बरोबर, प्रश्नचिन्ह माझे, आणि खाली माझं पूर्ण नाव व तारीख. जुनं काढलेलं नाही. नवं अजून बांधलेलंही नाही, कारण तुझी ती दुहेरी गाठ मला आजही जमत नाही आणि माझी चार दिवसांत सैल होते. आलीस तर दोरा काढून ठेवलाय. यावंसं वाटलं नाही तर तसं लिही, माझ्याच हातानं बांधेन, आणि सैल झाली की पुन्हा बांधेन, दर वेळी.

अजून म्हणू देशील तर तुझीच,
कात्री